गटारीच्या आधी आलेली पत्रं

आषाढ अर्धा सरला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो. एरवी गुडघेदुखी, थायरॉइड, केस गळणं, आणि या दिवसांत मात्र दारू, कारण गटारी तोंडावर आलेली असते आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून श्रावण. काही घरांत पार्टीचे बेत चाललेले असतात, काही घरांत बायका श्वास रोखून बसलेल्या असतात. म्हणून या महिन्याचं सगळं सदर यालाच दिलंय. नावं काढलीत, पत्रं थोडी छोटी केलीत, बाकी तुमचेच शब्द आहेत.

"मॅडम मी २८ वर्षांचा आहे, कंपनीत आहे. मी दारू पीत नाही फक्त बीअर घेतो, ती पण शनिवारीच, स्ट्राँगच्या २ बाटल्या. आमच्या ग्रुपमध्ये माझी कपॅसिटी सगळ्यात जास्त आहे, मला चढतच नाही, म्हणून सगळ्यांना घरी सोडायचं काम माझ्याकडेच असतं. आजपर्यंत गाडीला साधा ओरखडा नाही. तरी बायको भांडते. कंट्रोल असेल तर प्रॉब्लेम काय आहे?" — एक वाचक, चाकण

माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते. आधी तुझ्या बाटलीचा हिशोब करू, कारण "दारू नाही, बीअर" हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते. स्ट्राँग बीअरच्या लेबलवर बघ, ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असं लिहिलेलं असतं. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम असतं. म्हणजे तुझी एक बाटली ४ स्मॉल पेग, आणि दोन बाटल्या ८. पोटात गेल्यावर ते बीअरचं होतं की व्हिस्कीचं हे लिव्हरला कळत नाही.

आता गाडी. मोटार वाहन कायद्याच्या १८५ कलमात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्यांदा पकडलं तर १० हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ७० किलोच्या माणसाने ९ ते ११ मध्ये तुझ्या दोन बाटल्या संपवल्या तर अकरा वाजता त्याच्या रक्तात १४० च्या आसपास असेल, म्हणजे मर्यादेच्या चौपटीहून जास्त. पोट भरलेलं असेल तर थोडं कमी, उपाशी असशील तर हे लवकर आणि जोरात होतं. लिव्हर ते तासाला साधारण १५ ने उतरवतं. त्याला घाई करता येत नाही. लिंबू, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, ओकून टाकणं, कशानेच नाही. कॉफीने फक्त जागा असलेला प्यालेला माणूस मिळतो. आता तूच हिशोब कर, पहाटे साडेपाचला सुद्धा तू ३० च्या वरच आहेस, आणि रविवारी पहाटे गावाला निघायचंय म्हणून किल्ली उचलणारे किती असतात ते तुला माहितीये.

आणि "कंट्रोल"बद्दल, यासाठीच तुझं पत्र पहिलं घेतलं. दारू मेंदूत पोचली की सगळे भाग एकदम बंद पडत नाहीत. कपाळाच्या मागचा भाग, जो पुढचं बघतो, थांब म्हणतो, आपण चुकतोय का हे तपासतो, तो फार लवकर ढिला पडतो, चालताना झोकांड्या जायच्या कितीतरी आधी. म्हणजे तोल जायच्या आधी अक्कल जाते, आणि अक्कल गेलीये हे ज्याने कळायचं तेच गेलेलं असतं. "मला चढली नाही" हा निकाल प्यालेल्या मेंदूनेच दिलेला आहे ना, मग त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? १९९५ साली कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना पाजून आणि न पाजता विचारलं होतं की पिऊन गाडी चालवाल का. सरळ विचारलं तेव्हा प्यालेले पण नाहीच म्हणाले. पण प्रश्नात "अंतर थोडंसंच असेल तर?" एवढं घातलं की प्यालेले जास्त सहज तयार झाले. दारूत नजर अशीच आखूड होते, समोरचं कारण मोठं दिसतं आणि लांबचा धोका दिसेनासा होतो. इथूनच तर आहे, रस्ता रिकामा आहे, मीच सगळ्यात शुद्धीत आहे. या तिन्ही गोष्टी तूही दर शनिवारी म्हणत असशील.

कपॅसिटी जास्त आहे याचा अभिमान वाटतो ना, तर ऐक, ज्याला कमी चढते त्याला पुढे व्यसन लागायचा धोका जास्त असतो, कारण इतरांना जे शरीर "बस" म्हणून सांगतं ते त्याला सांगत नाही. घरात वडील, काका, मामा कोणी पिणारे असतील तर अजूनच जपून. पिणार असशील तर किल्ली घरी ठेवून जा. तिथे गेल्यावर ठरवू असं नाही, शनिवारी संध्याकाळी चहा पिताना ठरव. आणि बायको उगाच भांडत नाहीये.

"ताई, आमचे अण्णा ५४ वर्षांचे आहेत, १५ वर्षं रोज पितात, देशीची क्वार्टर आणि कधी कधी त्याच्यावर. पण श्रावण कडक पाळतात. मागच्या वर्षी गटारीला खूप प्याले आणि दुसऱ्या दिवशी बंद केली. तिसऱ्या रात्री अंगाला घाम, हात लटलट कापायला लागले, भिंतीवर मुंग्याच मुंग्या आहेत म्हणायचे, वारलेल्या आजीशी बोलायला लागले. सगळे म्हणाले बाहेरचं आहे, भगताकडे नेलं, तिथे चौथ्या दिवशी फिट आली तेव्हा सिव्हिलला नेलं आणि वाचले. आता परत श्रावण आलाय. थांबवायचं का त्यांना? चांगलं काम करतात आणि आपणच कसं अडवायचं." — एक मुलगी, बार्शी तालुका

ताई, तुझं पत्र वाचून मी तो दिवस दुसरं काही वाचलं नाही. अण्णा वाचले हे फार मोठं आहे. हे बाहेरचं नव्हतं, हे दारू एकदम तोडल्याने होतं, आणि दर श्रावणात, दर वेळी कोणी माळ घातली, देवाची शपथ घेतली, की पुढच्या तीन-चार दिवसांत असे पेशंट येतात. आम्ही डॉक्टर लोक या दिवसांत वाटच बघत असतो म्हटलं तरी चालेल.

होतं काय ते सांगते. दारू मेंदूला संथ करते. रोज, वर्षानुवर्षं प्यायलं की मेंदू त्याच्या उलट जोर लावायला शिकतो म्हणजे काम चालू राहील. समज, बाहेरून कोणीतरी दार ढकलतंय आणि तू आतून १५ वर्षं खांदा लावून उभी आहेस, आणि बाहेरचा माणूस एका रात्रीत निघून गेला, तर तू तोंडावरच पडशील ना. मेंदूचं तसंच होतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, झोप नाही, छातीत धडधड. फिट बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत येते, कधी नंतरही. आणि दोन ते चार दिवसांच्या मध्ये ते मुंग्या, साप, मेलेली माणसं दिसणं, ताप, बडबड, कुठे आहोत ते न कळणं. या शेवटच्या अवस्थेला आम्ही डीटी म्हणतो, आणि उपचार नाही मिळाले तर यात माणूस जातो. भगताकडे गेलेले ते दिवस त्यांच्यासाठी सगळ्यात धोक्याचे होते.

एकदा झालंय त्याला परत व्हायची शक्यता जास्त असते, आणि दर वेळी जास्त जोरात होऊ शकतं. म्हणून अण्णांना अडवू नकोस, पण घरच्या घरी एकदम सोडूही देऊ नकोस. श्रावण लागायच्या आधी, म्हणजे याच आठवड्यात, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा आणि खरं प्रमाण सांग, लाजून अर्ध करून सांगू नकोस, औषधाचा डोस त्यावरच ठरतो. आणि मागच्या वर्षी फिट आली होती हे न विसरता सांग. त्यांना ॲडमिट करून घेतील, मेंदू शांत ठेवणारी गोळी आधी भरपूर आणि मग रोज थोडी थोडी कमी करत देतील, साधारण आठवड्याचं काम आहे. ही गोळी दुसऱ्या कोणाची उरलेली आणून घरी द्यायची नाही, वर दारू घेतली तर श्वास थांबू शकतो.

अजून एक. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ नावाचं जीवनसत्त्व संपलेलं असतं, नुसती दारू आणि फरसाण, जेवण नाही, मग दुसरं काय होणार. ते इंजेक्शनने द्यावं लागतं आणि ग्लुकोजची सलाइन लावायच्या आधी द्यायचं असतं. आपल्याकडे नातेवाईक "आधी सलाइन लावा" म्हणून हट्ट धरतात, तो धरू नका. बी-१ फार कमी पडलं तर डोळे फिरतात, चाल बिघडते, आणि काहींची आठवण कायमची जाते, मग ते न घडलेल्या गोष्टी खऱ्यासारख्या सांगत बसतात.

आणि अण्णांना एक सांग माझ्याकडून, की श्रावण पाळायची त्यांची इच्छा खरी आहे म्हणूनच दवाखान्यात न्यायचंय. महिनाभर सोडणाऱ्या माणसाला पुढचे अकरा महिने पण सोडता येतात, मी बघितलेत असे लोक.

"मॅडम बस स्टँडवर भिंतीवर लिहिलंय न कळत दारू सोडवा, पावडर भाजीत मिसळून द्यायची. आमच्या शेजारणीने दिली तिच्या नवऱ्याला तर त्याने सोडली म्हणे. मी आणू का?" — एक बहीण, जळगाव

नको. कृपा करून नको. अशा पुड्यांत काय असतं ते कोणी लिहीत नाही, पण न सांगता दिल्या जाणाऱ्या औषधांत डायसल्फिराम सापडतं हे आम्हाला माहितीये. हे खरं औषध आहे, दवाखान्यात आम्हीही देतो, पण माणसाला समोर बसवून, समजावून, तपासण्या करून, त्याची संमती घेऊन. कारण ते काय करतं बघ. लिव्हर दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष करतं आणि मग ते विष पटकन निकामी करतं. हे औषध दुसरी पायरी अडवतं. मग वर एक पेग जरी घेतला तरी ते विष अंगात साचतं, तोंड लालबुंद, उलट्या, धाप, छाती धडधडते, बीपी खाली. ज्याला माहितीये तो या भीतीने पीत नाही, औषधाचा सगळा उपयोग त्या माहितीत आहे. ज्याला माहितीच नाही तो पिणारच, आणि हार्टचा पेशंट असेल तर जीव जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो.

शिवाय त्याला कळल्यावर तो तुझ्या हातचं जेवेल का? तुझ्यावर हात उचलणार नाही याची खात्री आहे का तुला?

तो तयार नसेल तर तू एकटी जा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, तिथे घरच्यांशी पण बोलतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायचा गट, त्याच्या मीटिंगा मोठ्या शहरांत होतात आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. फोनच करायचा तर १४४४६ ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन, आणि मनातलं बोलायला टेली-मानस १४४१६. पैसे लागत नाहीत.

"८ महिन्यांच्या बाळाला सर्दी झाली की सासूबाई चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यातून देतात. म्हणतात आमची सगळी पोरं याच्यावरच वाढली." — एक आई, नाशिक

अजिबात द्यायची नाही, थेंबभर पण. बाळाचं लिव्हर हे काम करायला तयार झालेलं नसतं, रक्तातली साखर झपकन उतरते, बाळ गुंगीत जातं आणि आपल्याला वाटतं आराम पडला, झोपलं. ब्रँडीने गरम वाटतं ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद झाल्याने, आतली ऊब उलट बाहेर निघून जाते. छातीला, पायाला चोळायचीही नाही. सासूबाईंना दोष देऊ नका, त्यांना त्यांच्या सासूने हेच शिकवलं, हवं तर हे पानच वाचायला द्या. दूध पाजत राहा, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, आणि श्वास जोरात चालत असेल किंवा दूध ओढत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

"वय ६६, निवृत्त शिक्षक. रोज एक पेग हृदयाला चांगला असं आमचे एक डॉक्टर मित्रच सांगतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत." — कोल्हापूर

सर, हे पूर्वी आम्हीही ऐकत होतो. जुन्या अभ्यासांत थोडं पिणाऱ्यांचं हृदय अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा बरं दिसायचं, पण त्या न पिणाऱ्यांत आजारपणामुळे सोडलेले लोक पण मोजले गेले होते, आणि थोडंच पिणारे बहुतेक वेळा बऱ्या परिस्थितीतले, फिरायला जाणारे होते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्यासाठी सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. कॅन्सरच्या यादीत तर दारू १९८८ पासून पहिल्या गटात आहे, म्हणजे कॅन्सर होतो हे नक्की ठरलेल्या, तंबाखूच्याच गटात. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं. आणि जोडीला तंबाखू किंवा मिश्री असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. तुम्हाला अजून एक सांगायचंय, शुगरच्या काही गोळ्यांबरोबर दारू गेली की रात्री साखर फार खाली उतरते आणि घरच्यांना वाटतं प्यालेत, झोपलेत. उद्या तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पेगबद्दल मोकळेपणाने सांगा.

"मी ३६ वर्षांची, पुण्यात आयटीत. रोज रात्री काम संपल्यावर २ ग्लास वाइन घेते, त्याशिवाय झोपच येत नाही. मुलगी झोपल्यावर घेते, नवरा पण घेतो पण त्याचं कोणाला काही वाटत नाही. मला कोणालाच विचारता येत नाही. मी व्यसनी आहे का?" — नाव नको

तू विचारलंस ना, बरं केलंस. पुरुष पितो तेव्हा आपण लिव्हरबद्दल बोलतो आणि बाई पिते तेव्हा चारित्र्याबद्दल, त्यामुळे बायका आमच्याकडे फार उशिरा येतात. इथे फक्त शरीराबद्दल बोलू.

१५० मिलीचे दोन ग्लास म्हणजे साधारण ३० ग्रॅम, तीन स्मॉल पेग. बाईच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो म्हणून तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण पुरुषापेक्षा जास्त होतं आणि लिव्हर कमी वर्षांत बिघडतं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका रोजच्या दर १० ग्रॅममागे साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तुझा मुळात जेवढा असेल त्याच्या तेवढे टक्के, घाबरून जाऊ नकोस पण माहीत असू दे. झोपेचं म्हणशील तर वाइनने डोळा लवकर लागतो, पण पहिल्या अर्ध्या रात्री स्वप्नांची झोप दबून जाते आणि दारू उतरली की तीन-चार वाजता जाग येते, घसा कोरडा, मनात उगाच धाकधूक. मग दिवसभर दमणूक, आणि रात्री परत तोच ग्लास. झोपेचं औषध म्हणून घेतेस तीच झोप मोडतीये.

आम्ही चार प्रश्न विचारतो. कमी करायला हवं असं कधी वाटलं का? कोणी यावर बोललं की राग येतो का? अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या हात थांबवायला किंवा डोकं उतरवायला घ्यावी लागते का? दोन किंवा जास्त उत्तरं हो आली तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. तुझ्या पत्रातच मला दोन दिसतात. व्यसनी आहेस की नाही या शब्दात अडकू नकोस. दोन आठवडे बंद ठेवून बघ, आणि कुठल्या दिवशी सगळ्यात अवघड गेलं ते लिहून ठेव. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापले, घाम फुटला तर लगेच दवाखाना, वर बार्शीच्या मुलीला लिहिलंय ते वाच. आणि घरात बाटली आणून ठेवू नकोस, रात्री दहाला फ्रिजसमोर उभं राहून ठरवण्यापेक्षा दुपारी दुकानाच्या बाहेरच ठरवणं खूप सोपं असतं.

"डॉक्टर काकू मी नववीत आहे. माझे बाबा पिऊन आले की खूप प्रेमाने बोलतात. सायकल घेऊ म्हणतात, अजिंक्यताऱ्यावर जाऊ म्हणतात. सकाळी विचारलं तर म्हणतात मी कधी म्हणालो, आणि ओरडतात. ते खोटं का बोलतात?" — सातारा

बाळा, बहुतेक ते खोटं बोलत नसतील. खूप प्यायलं की मेंदूतला आठवणी साठवून ठेवणारा भाग काम थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, हसतो, शब्द पण देतो, पण त्यातलं काहीच आत लिहून घेतलं जात नाही. नंतर कितीही आठवलं तरी सापडत नाही, कारण ते तिथे नसतंच. रात्री ते खरंच प्रेमाने बोलले, आणि सकाळी त्यांना ते खरंच माहीत नाही. यामुळे तुला झालेलं दुःख कमी खरं ठरत नाही. बाबा आजारी आहेत, आणि तो आजार तुझ्यामुळे झालेला नाही, तो बरा करणंही तुझं काम नाही, ते आमच्यासारख्या मोठ्यांचं आहे.

रात्री त्यांना काही विचारू नकोस, वाद घालू नकोस, वचन मागू नकोस. प्यालेले असताना त्यांच्या मागे गाडीवर कधीच बसायचं नाही, ते कितीही रागावले तरी, त्या वेळी आईला किंवा शेजारच्या काकांना हाक मार. त्यांनी हात उचलला तर घराबाहेर पड, शेजारी जा, १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, कधीही लागतो. आणि एखाद्या रात्री हलवून पण उठत नसतील, श्वास घरघर किंवा थांबून थांबून येत असेल, तर "झोपू दे, उतरेल" असं कोणी म्हणालं तरी ऐकू नकोस, पोटातली दारू नंतरही रक्तात जात राहते. त्यांना कुशीवर वळवायचं म्हणजे उलटी झाली तर श्वासात जाणार नाही, आणि १०८ ला फोन करायचा.

एक वही कर. रात्री बाबा जे बोलतील ते तारीख घालून जसंच्या तसं लिही, सायकल, अजिंक्यतारा, सगळं. आणि ज्या रविवारी सकाळी ते चहा पीत शांत बसलेले असतील तेव्हा आईला शेजारी बसव आणि ती वही त्यांच्या हातात दे. तू काही बोलू नकोस, त्यांना वाचू दे.